गाडी लागली म्हणे!

अहो, जरा इकडं या ना, कुंपणापाशी. राहू द्या ती भांडी, कुठं पळून जातायत. ऐकलंत का, पाटलीणबाईंच्या घरचं? नाही, बबड्याला जुलाब झाले ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, ते नाही सांगत मी. त्याच्या मागचं. दोष कुणाचा, ढकलला कुणावर, आणि शेवटी फोनच्या स्पीकरवर काय बाहेर पडलं... हळू बोला हो. भिंतीला लागून भिंत आहे आमची, इकडच्या फोडणीनं तिकडं शिंका येतात.

तर येळवशीच्या अमावास्येला सगळे शेतावर गेले होते की नाही. आपल्याकडं येळवस म्हणजे काय ते तुम्हाला नको सांगायला. दिवाळीला न येणारी माणसं येळवशीला येतात. लातूरकडं तसंच, उमरग्याकडं तसंच, आपल्या बिदर-गुलबर्ग्यात तसंच. गावात त्या दिवशी चहाला म्हणून माणूस सापडायचा नाही, सगळं शिवारात. पाटलांचा थोरला आला पुण्याहून, बायकापोरांसकट, स्वतःच्या गाडीनं. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, भज्जी, आंबील, उंडे, खीर, सगळं यथासांग. पाटलीणबाईंनी नवीन इरकल नेसली होती, हिरवी, रेशमी काठाची. त्या इरकलीचं पुढं यायचंय, लक्षात ठेवा.

आणि बबड्या, दीड वर्षाचं ध्यान, या कडेवरून त्या कडेवर. पुण्याची नात आहे ना चार वर्षांची, तिनं तर त्याला सोडलाच नाही. आपल्या ताटलीतलं भरव, आपण उष्टावलेला उंडा त्याच्या तोंडात कोंब, आपल्याच ग्लासातलं पाणी पाज. 'बहीण-भावाची माया बघा' म्हणून सगळ्यांनी फोटो काढले.

तेच फोटो नंतर पुरावा झाले हो! पण थांबा, क्रमानं सांगते.

पुणेकर दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. जाताना डबे भरभरून भज्जी नेली, पोत्यात तूरडाळ नेली, गुलबर्ग्याची डाळ म्हणजे आता शिक्का बसलाय ना तिच्यावर, जीआय का काय तो 2019 पासून, मग पुण्याला मिरवायला बरी. आणि त्याच संध्याकाळी बबड्यानं पहिली उलटी केली. रात्रभर मग उलटी, जुलाब, उलटी, जुलाब. मला इकडं नुसता मोरीतला नळ ऐकू येत होता. नळ, बादली, नळ, बादली. सकाळी सूनबाई दारात आली तर ओळखू येईना. केस विस्कटलेले, पदराला ओकारीचा वास, आणि कडेवर तो, मान टाकलेला.

धाकटी सून हो, उमरग्याची. बोलणं कमी तिचं. पाटलीणबाई बाजारात सांगत असतात, 'आमची म्हंजे मुकी गाय हाय.' असं सांगताना जे समाधान असतं ना तोंडावर...

तर काय सांगत होते, सकाळी पडवीत कोर्ट भरलं. बबड्या मध्ये दुपट्यावर आणि भोवती आम्ही सगळ्या. माझं म्हणाल तर मी कुणाच्या घरात तोंड घालत नाही, मी आपली गरम पाण्याची किटली द्यायला गेले होते. पण कान काय घरी ठेवून जायचे?

पहिला निकाल पाटलीणबाईंचा. 'चार बारी वाढून घेऊन भज्जी खाल्लीस. तुजं दूध बादलंय लेकराला. आजपासनं अंगावर पाजायचं बंद कर.' सगळ्यांच्या देखत! सूनबाईचा चेहरा बघवेना. आईच्या तोंडावर असं म्हणायचं, आणि ते लेकरू तर त्या वेळी फक्त तेवढंच धरून होतं, बाकी काही पोटात ठरत नव्हतं.

मग कल्याणच्या वन्सं. त्या येळवशीला आलेल्या त्या राहिल्याच होत्या. त्यांचं निदान ठरलेलं, 'दात येऊलालेत.' आमच्या नातवाला पडसं झालं तेव्हाही दातच येत होते त्यांच्या मते, आणि तो तेव्हा आठ वर्षांचा होता. पलीकडच्या अक्का म्हणाल्या, अमावास्येला शेतात नेलं, दृष्ट लागली. लगेच मीठ-मोहरी-मिरच्या आल्या, ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना आला, तर म्हणाल्या, 'बघा, किती नजर हुती.' अहो, चुलीत मिरची टाकल्यावर ठसका येणार नाही तर काय उचकी येणार? कुणी जायफळ उगाळून आणलं, कुणी डाळिंबाची साल. आणि एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. 'पाणी बंद करा. वरून घातलं की खाली येतंय. पोट रिकामं राहू द्या, आपसूक थांबतंय.'

आता हे तर आपल्या आज्यांपासूनचं चालत आलेलं. किती पोरं गेली असतील हो त्या पाणी बंद करण्यापायी. जुलाबानं नाही, सुकून गेली.

आणि इथं मुकी गाय बोलली!

म्हणजे ओरडली वगैरे नाही. उठली, आत गेली, डबे वाजले, बाहेर आली आणि विचारलं, 'आत्याबाई, आशाअक्कांनी पावसाळ्यात दिलेल्या पुड्या कुठं ठेवल्या?' आपल्या आशा कार्यकर्त्या हो, दरवर्षी वाटतात बघा, पाच वर्षांखालचं लेकरू ज्या घरी असेल तिथं, ओआरएसच्या पुड्या आणि त्या झिंकच्या गोळ्या. पाटलीणबाईंनी त्या कुठं ठेवल्या असतील? पापडखाराच्या डब्यात! पांढरी पावडर ती पांढरी पावडर, म्हणून एकाजागी. नशीब पापड लाटताना पुडी फुटली नाही.

मग पाटलीणबाईंना वाटलं, आपण मागं पडलो. त्यांनी पुडी फोडली, अर्धी ग्लासात ओतली आणि चमचा फिरवायला लागल्या. सूनबाईनं ग्लास हातातनं काढून घेतला आणि सरळ मोरीत ओतला. ओतला हो! सासूच्या हातातला ग्लास! मी किटली धरून तशीच उभी. सूनबाई म्हणाली, 'एका लिटरला एक अख्खी पुडी. घट्ट केलं तर मीठ जास्त होतं, लेकराला बाधतं.' आणि पाण्याची ती लिटरची बाटली असते ना, ती धुतली, उकळून गार केलेलं पाणी तोंडापर्यंत भरलं, पातेल्यात ओतलं, नवी पुडी फोडून झटकून झटकून शेवटचा कण त्यात पाडला. साखर मीठ काही वरून घातलं नाही. आधी स्वतः जिभेवर घेऊन पाहिलं. डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट, त्यापेक्षा जास्त नाही, म्हणे. आणि वर सांगितलं, 'उद्या सकाळी उरलेलं फेकायचं, चोवीस तासांच्या वर ठेवायचं नाही.' पाटलीणबाई पुटपुटल्या, 'फेकायला पैसे वर आलेत.' अहो, फुकटची पुडी ती!

पुडी नसेलच घरात तर काय करायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे. लिटरभर पाणी, चहाचे सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट, शीग लावून नाही. शिगेनंच घोटाळा होतो. आमच्याकडं चमचा सपाट भरायचा म्हणजे पाहुण्याचा अपमान वाटतो लोकांना.

पाजायचं कसं, ते बघायला हवं होतंत. मांडीवर घेतला, डोकं जरा उंच, आणि चमचा. एक चमचा. मग ती थांबायची. घड्याळाकडं बघायची, मिनिट-दोन मिनिटं, मग दुसरा चमचा. बबड्या वाटीवर झडप घालायचा, तहान लागलेली ना, ती वाटी मागं घ्यायची. घटाघटा पिऊ दिलं की भडाभडा ओकतं लेकरू. मध्ये एकदा ओकलाच, सगळं तिच्या अंगावर. वन्सं म्हणाल्या, 'बघ, सांगितलं हुतं.' ही काही बोलली नाही. साडी झटकली, दहा मिनिटं थांबली आणि पुन्हा चमचा, आता आणखी सावकाश. मी पोळ्या करून आले, धुणं वाळत घालून आले, पुन्हा डोकावले तर तोच चमचा, तीच मांडी. मला नाही जमायचं बाई. खरंच सांगते, दहाव्या चमच्याला माझा धीर सुटला असता.

एवढ्यात धाकटा आला मेडिकलातनं, मोठ्या फुशारकीनं. कुठल्या मेडिकलातनं ते जाऊ द्या. जुलाब जागच्या जागी थांबवायची गोळी, चतुर्थांश करून द्या म्हणाला होता म्हणे दुकानातला पोरगा. आणि एक अँटिबायोटिकची बाटली. आशाअक्का नेमक्या तेव्हाच दारात. त्यांनी गोळीची पट्टी हातात घेतली, उलटी करून वाचली आणि धाकट्याकडं असं बघितलं... तो मनगटावरचं घड्याळ बघायला लागला. मोठ्या माणसाची ती गोळी, एवढ्याशा लेकराला दिली तर आतडंच थंडावतं, पोट फुगतं, जिवावर बेततं. आणि हे बहुतेक व्हायरसचं दुखणं, त्यावर अँटिबायोटिक काय करणार? जुलाबात रक्त पडलं असतं तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टर बघून देतात.

पाटलीणबाईंनी आशाअक्कांनाही सोडलं नाही हं. 'तुमी ते थेंब पाजलेत की तीन बारी, जुलाबाचे. मग कसं झालं?' रोटाचे थेंब हो, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात ते. सरकारी लसीकरणात 2016 पासून यायला लागले, आधी चार राज्यांत, मग तीनेक वर्षांत सगळीकडं. एक लस हैदराबादला बनते, एक पुण्याला. आशाअक्का शांतपणे म्हणाल्या, 'थेंब एका व्हायरसचे, रोटाचे. दुसरे हायत की पोट बिघडवणारे. आन रोटा जरी असला तरी थेंबानं जोर कमी पडतो. थेंब नसते तर आत्ता लेकरू कुठं असतं, सांगता येत नाही.' आणि मग बबड्याकडं वाकून बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. 'शू कधी केलीय यानं?'

सगळ्या गप्प.

कुणी लक्षच दिलं नव्हतं. जुलाब मोजत होते सगळे, लंगोट ओला कशानं ते कोण बघतंय. सूनबाई म्हणाली, पहाटेपासून नाही बहुतेक. आणि रडला तर डोळ्यांत पाणी नव्हतं. आशाअक्का म्हणाल्या, 'चला, दवाखान्यात.'

दवाखान्यात तर आपलं अख्खं मुडबी गाव भेटतं तुम्हाला. पाटलीणबाई पण निघाल्या, इरकल नेसून, कारण चार लोक बघणार. आणि पोचताक्षणी डॉक्टरांना हुकूम, 'सलाईन लावा. सुई मारा.' आपल्या लोकांना सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटतच नाही. डॉक्टरांनी बबड्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती जागेवर गेली खरी, पण लगेच नाही, जरा रेंगाळत. डोळे बघितले, खोल गेलेले. वाटी दाखवली, तर हा झडप घालतोय. 'सलाईन बेडा री, कुडीतानल्ला,' म्हणाले. पितोय ना, मग कशाला सलाईन. पीत नसता, गुंगीत असता, कातडी वर तशीच उभी राहिली असती, तर क्षणभर थांबलो नसतो, म्हणाले. पण घरीही पाठवलं नाही हं. वजन केलं, दहा किलो भरलं. किलोला पंचाहत्तर मिली, म्हणजे पाऊण लिटर, चार तासांत, इथंच व्हरांड्यात बसून, डोळ्यांसमोर पाजायचं. चार तासांनी पुन्हा बघतो.

आणि मग सूनबाईनं ते विचारलं. एवढ्या लोकांत, खाली मान घालून. 'डॉक्टर, अंगावर पाजू की नको?' पाटलीणबाईंनी मान ताठ केली, आता निकाल आपल्या बाजूनं. डॉक्टर म्हणाले, 'पाजायचं म्हणजे? जास्त पाजायचं. आईचं दूध कधीच बाधत नाही. कुणी सांगितलं बंद करायला?'

अहो... कुणी सांगितलं बंद करायला! पाटलीणबाईंनी पदर असा चेहऱ्यावरून ओढून घाम पुसला, थंडीच्या दिवसांत. कल्याणच्या वन्सं भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागल्या. कन्नडमधलं पोस्टर ते, आणि वन्संना कन्नड वाचता येत नाही.

तर ते चार तास. व्हरांड्यात बाकावर सूनबाई, मांडीवर बबड्या, शेजारी पाटलीणबाई, पलीकडं रिटायर्ड मास्तर, बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेले. मास्तरांना कान मिळाले की सोडत नाहीत, पण त्या दिवशी गोष्ट चांगली सांगितली हं. 1971 सालची. बांगलादेशातनं लाखो लोक पळून बंगालात आलेले, बनगाव म्हणून गाव आहे सरहद्दीवर, तिथं कॉलरा. दवाखान्यात दोन खोल्या, माणसं जमिनीवर, सलाईन संपत आलेलं. दिलीप महालनबीस म्हणून डॉक्टर होते. त्यांनी ठरवलं, शिरेतनं द्यायला नाही तर तोंडानं देऊ. ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा, एवढंच. पाण्यात कालवून ड्रम भरले आणि पाजायला कोण? नर्स कुठनं आणणार एवढ्या? ज्याची आई तिनं, ज्याची बहीण तिनं. वाटी घ्या, ड्रमातनं भरा, पाजत राहा. शंभरात तीस मरत होते तिथं, ते चारच्या आत आले. मोठमोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसेना म्हणे, एवढं साधं औषध असतं का कुठं? पुढं 1978 साली लॅन्सेट म्हणून विलायतेतलं साप्ताहिक आहे डॉक्टर लोकांचं, त्यानं लिहिलं की डॉक्टरीतला या शतकातला बहुधा सगळ्यात मोठा शोध हाच. आणि महालनबीसांना पद्मविभूषण कधी मिळालं? 2023 मध्ये. ते 2022 लाच गेले होते! हे एवढं सांगून मास्तर थांबले आणि पाटलीणबाईंकडं बघून म्हणाले, 'साध्याला किंमत नसते, वैनी.' त्यांच्या मनात काय होतं मास्तर जाणोत, पण पाटलीणबाईंना ते लागलं, मी बघितलं ना.

हो, मी होते की तिथं. माझ्या गुडघ्याचं दाखवायचंच होतं कधीपासून.

तर काय सांगत होते... हां. सूनबाईला मोरीला जायचं होतं. सकाळपासून उठली नव्हती बिचारी. तिनं बबड्याला सासूच्या मांडीवर दिला आणि चमचा हातात दिला. 'मिनिटाला एक, आत्याबाई.' आणि गेली. पाटलीणबाईंनी इकडंतिकडं बघितलं, आणि लागल्या पाजायला. चांगल्या पाजत होत्या हो, खोटं कशाला बोलू. मिनिटाला एक, मोजून. तेवढ्यात त्यांचा चेहरा असा... भुवया वर, तोंड उघडं. खाली बघितलं. हिरवी इरकल, रेशमी काठ, आणि त्यावर मोठा ओला डाग पसरतोय.

'मुतला!' म्हणून ओरडल्या. सगळा व्हरांडा दचकला. 'मुतला गं, मुतला! डॉक्टर, मुतला!' नर्स धावत आली, आशाअक्का आल्या, मास्तरांनी टाळी वाजवली. ओपीडीच्या रांगेतल्या ज्या बायकांना काही ठाऊक नव्हतं त्याही हसायला लागल्या. सूनबाई ओल्या हातांनी पळत आली, सासूच्या साडीकडं बघितलं आणि तिथंच बसून रडली. आणि पाटलीणबाई, ज्या चहाचा थेंब सांडला तरी घर डोक्यावर घेतात, त्या ओली साडी तशीच धरून बसलेल्या, दोन्ही हातांत. नर्सला दाखवतायत, 'बघा केवढी!' पाच हजारांची इरकल हो. मला किंमत पक्की माहीत आहे, कल्याणच्या वन्संनीच सांगितली.

संध्याकाळी घरी सोडलं. डॉक्टरांनी निघताना बजावलं, प्रत्येक जुलाबानंतर अर्धी ते पाऊण वाटी पाजायचं, लेकराला जेवू घालायचं, मऊ वरणभात, दहीभात, केळं, थोडं थोडं पण वरचेवर. उपास नाही. आणि पुन्हा शू थांबली, रक्त दिसलं, काहीच पोटात ठरेना किंवा लेकरू गळून पडलं, तर रात्र बघायची नाही, वेळ बघायची नाही, यायचं. झिंकची गोळी रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी चौदा. इथं परत घोळ, पाटलीणबाईंचं आपलं, 'थांबलं की, मग गोळी कशाला?' सूनबाईनं कालनिर्णयवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. बोलत नाही ती, फुल्या मारते.

आता या मुद्द्यावर. त्याच रात्री धाकट्यानं पुण्याला फोन लावला, स्पीकरवर, सगळे जेवायला बसलेले. मी दही द्यायला गेले होते. 'बबड्याला असं असं झालं,' तर पलीकडनं थोरली, एकदम सहज, 'अगंबाई! आमच्या छकुलीला पण निघायच्या आदल्या दिवशी तसंच झालं होतं. येताना गाडीतही दोनदा उलटी झाली ना.'

धाकट्याचा घास हातात राहिला. गाडीतली उलटी! शेतावर आल्या आल्या पोरगी मलूल होती ते पाटलीणबाईंनी विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. तर ही काय म्हणाली होती? 'गाडी लागली, आत्याबाई.' गाडी लागली म्हणे! आणि तीच पोरगी दिवसभर बबड्याला उष्टं भरवतेय, आणि आम्ही फोटो काढतोय. सूनबाईनं काही न बोलता मोबाईल उघडला आणि तो फोटो पाटावर ठेवला. छकुलीच्या ग्लासातनं बबड्या पाणी पितोय, आणि मागं पाटलीणबाई हसतायत.

ना भज्जी, ना दूध, ना दात, ना अमावास्या. पाटलीणबाई जेवणच विसरल्या. पण बोलणार काय? थोरली म्हणजे पुण्याची, पगाराची, तिला बोलायची सोय नाही. आता तुम्हीच सांगा, हीच गोष्ट उमरग्याच्या सुनेनं लपवली असती तर? गल्लीत राहू दिली असती का तिला?

मध्ये एकदा हैदराबादचे भाऊजी पण येऊन गेले, हे राहिलंच. सोबत खोकं, संत्र्याच्या चवीचं, नळी लावून प्यायचं, वर चकचकीत. 'तेच आहे, ओआरएसच, पण टेस्टी. लेकरं आवडीनं पितात.' सूनबाईनं मागची बारीक अक्षरं वाचली आणि खोकं फळीवर ठेवून दिलं. पुडीत साखर किती असते, लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. आणि या असल्या गोड पाण्यांत कितीतरी पट. जास्त गोड पोटात गेलं की ते आतड्यात पाणी ओढून घेतं, जुलाब उलटे वाढतात. हैदराबादच्याच एक डॉक्टरीणबाई, शिवरंजनी संतोष, आठ वर्षं भांडल्या यासाठी, तेव्हा कुठं 2025 च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षेवाल्यांनी हुकूम काढला की असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायचा नाही. भाऊजी त्याच शहरातले, आणि त्यांना गावीच नाही! सूनबाईनं सांगितलं तर म्हणाले, 'असं होय?' आणि स्वतःच नळी लावून पिऊन टाकलं. उगाच पैसे वाया का घालवा.

आणि आता खरं ऐका. हे अजून गल्लीत कुणाला ठाऊक नाही. बबड्या हिंडायफिरायला लागला आणि पाटलीणबाई आडव्या झाल्या! हो, तेच, वर आणि खाली दोन्ही. होणारच की. नातवाचे लंगोट नुसत्या पाण्यात खळबळायचे आणि त्याच हातानं कणीक मळायची. सूनबाई साबण पुढं करायची तर म्हणायच्या, 'माज्या नातवाची घाण मला घाण वाटत न्हाई.' वाटत नसेल हो, पण जंतूला ते कसं कळावं? वन्संनी पर्समधलं सॅनिटायझर आणून दिलं होतं, तर आशाअक्का म्हणाल्या, या दुखण्यातल्या काही जंतूंना त्याचा फारसा फरक पडत नाही, साबण आणि वाहतं पाणी हवं.

तर रात्री पाटलीणबाई खाटेवर, आणि उशाशी कोण? मुकी गाय. हातात वाटी, चमचा. मिनिटाला एक. पाटलीणबाई म्हणतात, 'ग्लासानं दे की गं, तहान लागलीय.' तर ही म्हणते, 'ग्लासानं घेतलं तर उलटी होते, आत्याबाई.' आणि पाटलीणबाईंनी मुकाट्यानं आ केला. खिडकी उघडी होती हो, मी काय मुद्दाम बघत नव्हते.

दोन दिवसांत उठल्या. काल सकाळी पिठाच्या गिरणीत भेटल्या, आवाज पहिल्यासारखा ठणठणीत. चार बायका जमलेल्या, आणि या मध्ये उभ्या राहून सांगतायत, लिटरला एक पुडी, घट्ट करायचं नाही, मिनिटाला एक चमचा, अंगावरचं दूध मुळीच तोडायचं नाही. आणि शेवटी काय म्हणाल्या माहितीय? 'मी तर पहिल्या दिवसापासनं सांगूलालते, पाणी पाजा म्हणून. आमची सून ऐकतच नव्हती.'

सूनबाई मागंच उभी होती, दळणाचा डबा घेऊन. माझ्याकडं बघितलं तिनं. मी लगेच ज्वारी किती बारीक दळली ते बघायला लागले.